'नोकरी करायची इच्छा आहे का?' 'किती वाजता?'

प्रश्नावली तयार झाली की ती आधी चार-पाच जणांवर तपासून बघायची असते. प्रश्न कळतात का, कुठे अडखळायला होतं का, एवढंच बघायचं. माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे अर्थातच ताई. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, केमिस्ट्रीत एम.एस्सी., पाच वर्षं एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती. लेक झाली, बाळंतपणाची रजा संपली आणि मग वेळेचं गणित जमेना. पाळणाघर सहाला बंद व्हायचं आणि कंपनीची बस साडेसातला नाक्यावर सोडायची. ताईने राजीनामा दिला. लेक आता सहा वर्षांची आहे.

'सध्याचा व्यवसाय' या रकान्यात ताईने आधी 'काही नाही' लिहिलं, मग ते खोडून 'गृहिणी' लिहिलं. पुढचा प्रश्न होता, 'संधी मिळाल्यास तुम्हाला नोकरी करायची इच्छा आहे का? हो / नाही.' इथे ती थांबली. पेनाचं टोपण चावत म्हणाली, "किती वाजता?"

"अगं ताई, हो की नाही एवढंच सांग."

"मग तुझा प्रश्नच अर्धा आहे," ती म्हणाली आणि कुकर बंद करायला आत गेली.

मला तेव्हा हसू आलं. पण नंतर या विषयावरचं संशोधन पुन्हा चाळताना लक्षात आलं की गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संशोधक फिरून फिरून ताईच्याच प्रश्नापाशी येतात. म्हणून आजची ही पोस्ट. घरी राहणाऱ्या आयांच्या करिअरच्या इच्छा आणि त्यांचं मनःस्वास्थ्य यांचा संबंध कसा आहे, आणि तो मोजताना आपण कुठे चुकतो, ते बघू.

सरासरी काय सांगते?

सुरुवात सगळ्यात ढोबळ प्रश्नापासून करू. घरी असणाऱ्या आया नोकरी करणाऱ्या आयांपेक्षा जास्त खचलेल्या असतात का?

२०१२ साली अमेरिकेत गॅलप या संस्थेने ६०,००० हून अधिक स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारित आकडे प्रसिद्ध केले. आपल्याला नैराश्याचं निदान झालं आहे किंवा होतं, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण घरी असलेल्या आयांमध्ये २८ टक्के होतं आणि नोकरी करणाऱ्या आयांमध्ये १७ टक्के. फरक लहान नाही. पण यावरून 'घरी बसलं की नैराश्य येतं' असं म्हणता येईल का? नाही. याची तीन कारणं आहेत.

एक, बाण उलटाही असू शकतो. ज्यांना आधीपासून नैराश्याचा त्रास आहे त्यांना नोकरी टिकवणं जड जातं, म्हणून त्या घरी असतील. दोन, दोन्हींच्या मागे तिसरंच काही असू शकतं. घरात पैशांची ओढाताण असेल, मूल आजारी असेल, तर नोकरीही सुटते आणि मनही खचतं. गॅलपच्याच आकड्यांमध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आयांची स्थिती अधिक वाईट होती. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'घरी असलेल्या आया' हा एक गट नाहीच. मनापासून घरी राहायचं ठरवलेली बाई आणि नाइलाजाने राजीनामा दिलेली बाई या दोघींना एकाच खान्यात घालून सरासरी काढली, तर ती दोघींपैकी एकीचीही नसते.

चार खाने

हे खाने वेगळे करण्याचं काम एलन हॉक आणि डेब्रा डीमाइस या दोन संशोधिकांनी १९९० मध्ये केलं. तान्ह्या बाळांच्या आयांना त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. तुम्ही सध्या नोकरी करता का? आणि तुम्हाला काय आवडलं असतं, नोकरी की घरी राहणं? म्हणजे चार खाने झाले. नोकरी हवी होती आणि आहे. घरी राहायचं होतं आणि घरी आहे. घरी राहायचं होतं पण नोकरी करावी लागते. आणि चौथा, नोकरी हवी होती पण घरी आहे.

नैराश्याची लक्षणं या चौथ्या खान्यात जास्त आढळली. स्वतःच्या आवडीने घरी राहिलेल्या आयांमध्ये ती तशी नव्हती. म्हणजे मनावरचा भार 'घरी असण्या'चा नसून हवं ते आणि आहे ते यांच्यातल्या अंतराचा होता.

वाचायला हे उघड वाटतं. पण आपल्याकडची चर्चा आठवून बघा. एक बाजू म्हणते, 'शिकलेल्या बाईने घरी बसणं म्हणजे शिक्षण वाया.' दुसरी म्हणते, 'मुलांना आई हवी, पैसा काय, येतो-जातो.' दोन्ही बाजू सगळ्या आयांसाठी एकच उत्तर शोधतात. हॉक आणि डीमाइस यांच्या अभ्यासाचा अर्थ लक्षात घेतला तर दोन्ही बाजूंनी आधी एक प्रश्न विचारायला हवा: तिला स्वतःला काय हवं होतं?

सुख मोजायचं म्हणजे काय मोजायचं?

इथे थोडी तांत्रिक गोष्ट, पण सोपी करून सांगते.

अशा अभ्यासांमध्ये एक पट्टी फार वापरली जाते. तिचं नाव सीईएस-डी. लेनोर रॅडलॉफ यांनी ती १९७७ मध्ये मांडली. यात २० विधानं असतात. झोप नीट लागली नाही, एकटं वाटलं, कशातच मन लागलं नाही, अशा गोष्टी गेल्या आठवड्यात किती वेळा जाणवल्या ते सांगायचं. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ६०. साधारण १६ किंवा त्याहून जास्त गुण आले तर लक्ष द्यायला हवं असं मानतात. हे निदान नव्हे, फक्त चाळणी.

पण नैराश्य नसणं म्हणजेच स्वास्थ्य का? आपला 'स्वास्थ्य' हा शब्द मला यासाठी फार आवडतो. 'स्व'मध्ये स्थित असणं, असा त्याचा मूळ अर्थ. कॅरल रिफ या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये स्वास्थ्याचे सहा पैलू मांडले: स्वतःचा स्वीकार, इतरांशी चांगले संबंध, स्वतःचे निर्णय स्वतः घेता येणं, रोजचा व्याप सांभाळता येणं, आयुष्याला काही उद्देश असणं आणि आपली वाढ होत आहे असं वाटणं.

हे सहा पैलू ताईला लावून बघा. लेकीशी, नवऱ्याशी, सासूबाईंशी तिचं छान आहे. घराचा व्याप ती असा सांभाळते की मी तोंडात बोट घालते. लेकीला वाढवण्यात तिला उद्देश नक्कीच दिसतो. पण 'आपली वाढ होत आहे' या विधानापुढे ती बराच वेळ पेन धरून बसली होती. आता तिला विचारलं, 'तू सुखी आहेस का?' तर ती 'हो' म्हणेल आणि ते खरंच असेल. 'काही राहून गेल्यासारखं वाटतं का?' तर त्यालाही 'हो' म्हणेल आणि तेही खरं असेल. एकाच आकड्यात दोन्ही उत्तरं मावत नाहीत. घरातली माणसं मात्र पहिलं उत्तर ऐकून थांबतात.

'किती वाजता?' याचं उत्तर

आता ताईच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. हॉक आणि डीमाइस यांनी 'नोकरी की घर' एवढंच विचारलं होतं. पण नोकरी कसली? किती तासांची? कुठे?

अमेरिकेत १९९१ मध्ये जन्मलेल्या मुलांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा एक मोठा पाहणीवजा अभ्यास सुरू झाला, त्यात १,३६४ कुटुंबं होती. शेरिल ब्युलर आणि मॅरियन ओब्रायन यांनी त्यातल्या आयांची माहिती तपासून २०११ मध्ये निबंध लिहिला. मुलं लहान असताना, म्हणजे शाळेत जाण्याआधीच्या वर्षांत, अर्धवेळ काम करणाऱ्या आयांमध्ये घरी असणाऱ्या आयांपेक्षा नैराश्याची लक्षणं कमी होती आणि त्यांना स्वतःची तब्येतही बरी वाटत होती. इथेही कार्यकारणाचा प्रश्न उरतोच, कारण कोणी चिठ्ठ्या टाकून आयांना नोकऱ्या वाटल्या नव्हत्या. तरी दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. मधली वाट असते, आणि ती बऱ्याच जणींना मानवते.

आपल्याकडे काय? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६८ व्या फेरीत, २०११-१२ मध्ये, मुख्यतः घरकाम करणाऱ्या स्त्रियांना विचारलं होतं: घरच्या घरी काम मिळालं तर कराल का? ग्रामीण भागात सुमारे एक तृतीयांश स्त्रिया 'हो' म्हणाल्या, शहरांत त्याहून थोड्या कमी. त्यातही बहुतेकींना नियमित पण अर्धवेळ काम हवं होतं. आणि सगळ्यात जास्त पसंती कशाला होती? शिवणकामाला. या सगळ्या बायका रोजगाराच्या आकडेवारीत 'श्रमबाजाराबाहेर' मोजल्या जातात. म्हणजे इच्छा आहे, पण ती मोजण्याच्या रकान्यात बसत नाही.

'हो' म्हणणं वेगळं आणि खरंच कामाला लागणं वेगळं, अशी शंका कोणी घेईल. त्यासाठी अलीकडचे दोन प्रयोग बघू. यात खरोखरच चिठ्ठ्या टाकल्यासारखं केलं होतं, म्हणजे कोणाला कसलं काम देऊ करायचं हे यादृच्छिकपणे ठरवलं होतं. लिसा हो, सुहानी जलोटा आणि अनाहिता करंदीकर यांनी पश्चिम बंगालमध्ये स्त्रियांना काम देऊ केलं. ऑफिसात ठरलेल्या वेळी यायचं असेल तर १५ टक्के स्त्रियांनी ते घेतलं. तेच काम घरून, आपल्या सोयीच्या वेळी, मुलं सांभाळता सांभाळता करता येणार असेल तर ४८ टक्क्यांनी घेतलं. जलोटा आणि हो यांनी मुंबईतल्या गृहिणींबरोबर असाच प्रयोग केला. तिथे ऑफिसातलं काम २७ टक्के जणींनी सुरू केलं, घरून करायचं काम ५६ टक्के जणींनी.

बाया त्याच, कौशल्य तेच. फक्त 'कुठे आणि किती वाजता' बदललं आणि आकडा दुपटी-तिपटीने वाढला. माझा 'हो / नाही'चा प्रश्न अर्धा आहे असं ताई का म्हणाली, ते मला इथे नीट कळलं.

अर्थात घरून काम म्हणजे रामबाण उपाय नव्हे. घरातलं काम कमी होत नाही, ते फक्त एकावर एक रचलं जातं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, भाग घेणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषांचीही नऊ वाचली. तेव्हा 'किती वाजता' याचं उत्तर फक्त कंपनीने द्यायचं नसतं, घरानेही द्यायचं असतं.

कोल्हा आणि द्राक्षं

आता एक अवघड भाग. समजा, एखादी आई म्हणाली, 'मला नोकरी नकोच.' तर विषय संपला का?

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही म्हण आपण दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतो. तत्त्वज्ञ यॉन एल्स्टर यांनी १९८३ मध्ये याच गोष्टीचं नाव देऊन एक पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की जे मिळणं शक्य नाही त्याची इच्छाच माणूस हळूहळू सोडून देतो, आणि हे त्याच्या नकळत होतं. अमर्त्य सेन यांनीही हा मुद्दा मांडला आहे. सततच्या अभावात राहणारा माणूस थोडक्यात समाधान मानायला शिकतो, म्हणून केवळ 'समाधानी आहात का?' हे विचारून न्याय-अन्याय ठरवता येत नाही.

पण याचीही दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर मी खोटी ठरेन. प्रत्येक 'नको' हे आंबट द्राक्ष नसतं. मूल लहान असताना त्याच्याजवळ राहणं काही जणींना मनापासून हवं असतं. 'तुला कळत नाही, तू दबलेली आहेस' असं त्यांना सांगणारी मी कोण? समोरचीच्या इच्छेवर विश्वास ठेवायचा आणि ती इच्छा कशातून घडली हेही बघायचं, ही दोन्ही कामं संशोधकाला एकदम करावी लागतात. म्हणून आता मी एका प्रश्नाऐवजी तीन विचारते. मूल होण्याआधी तुम्ही स्वतःला पुढे कुठे बघत होतात? आज, आहे त्या परिस्थितीत, काय हवंसं वाटतं? आणि पाळणाघर, वेळ, प्रवास, घरची मदत हे सगळं जुळून आलं तर? तिन्हींची उत्तरं सारखी आली तर ती तिची निवड म्हणायला हरकत नाही. पहिलं आणि तिसरं एक, आणि मधलं वेगळं आलं, तर अडचण इच्छेत नसून परिस्थितीत आहे.

पगारापलीकडचं

'घरात पैशाला कमी नाही, मग तिला नोकरी कशाला हवी?' हा प्रश्न आमच्या घरीही झाला. याचं उत्तर मारी याहोदा यांच्या कामात आहे. १९३० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापड गिरणी बंद पडली. तिथल्या बेकारांचा अभ्यास करताना याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की पगाराबरोबर आणखी बरंच काही गेलं होतं. पुढे त्यांनी ते पाच गोष्टींत मांडलं: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संपर्क, सगळ्यांबरोबर मिळून काही साधणं, समाजात ओळख आणि नियमित हालचाल-उद्योग.

गृहिणीला उद्योग कमी नसतो, उलट ढीगभर असतो. दिवसालाही आकार असतो, पण तो इतरांच्या डब्याच्या, शाळेच्या, औषधांच्या वेळांनी ठरतो. घराबाहेरची माणसं आणि स्वतःची ओळख मात्र बहुतेक वेळा कमी होते. 'काही नाही' असं लिहून खोडणारा हात मला तेच सांगत होता.

परतीचं दार

इच्छा जागी झाली, वेळही जमली, तरी दार उघडतं का? केट वाइसहार यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला, त्याचा निबंध २०१८ मध्ये आला. त्यांनी कंपन्यांना काल्पनिक अर्ज पाठवले. सध्या नोकरीत असलेल्या आईच्या अर्जाला १५.३ टक्के वेळा पुढचं बोलावणं आलं. नोकरी गेल्यामुळे बेकार असलेल्या आईला ९.७ टक्के वेळा. आणि मुलांसाठी घरी थांबले होते असं लिहिणाऱ्या आईला ४.९ टक्के वेळा. मुलांसाठी घरी थांबलेल्या बापांचीही जवळपास तीच गत झाली. म्हणजे कंपन्यांना खंड तितकासा खुपत नव्हता, खंडाचं कारण खुपत होतं.

आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. चांगलंच आहे. पण हे नोकरीत असलेल्यांसाठी. सुटलेल्यांना परत आणणाऱ्या योजना मोजक्या. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची महिला वैज्ञानिक योजना त्यातली एक. करिअरमध्ये खंड पडलेल्या २७ ते ५७ वयाच्या स्त्रियांना संशोधनात परतता यावं म्हणून ती होती, पुढे 'वाइज-किरण' या छत्राखाली अशा योजना आणल्या गेल्या. विज्ञान शिकलेल्या मैत्रिणींनो, या विभागाच्या जाहिरातींवर नजर ठेवा.

मग आपण काय करायचं?

घरात अशी कोणी असेल तर 'तू सुखी आहेस ना?' एवढ्यावर थांबू नका. 'तुला काय करावंसं वाटतं आणि त्यासाठी काय लागेल?' हे विचारा. आणि 'काय लागेल' याच्या यादीत तुमचं नाव आलं तर दचकू नका. दुसरं, दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिलं, झोप-भूक बिघडली, तर त्याला 'करिअरचा विचार सोडवत नाही' म्हणून टाळू नका. ते आजारपण असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

माझ्या प्रश्नावलीत 'हो / नाही' आता नाही. त्याजागी तास, अंतर, घरून की बाहेर, आणि घरात कोण मदत करेल, असे चार उपप्रश्न आले आहेत. गाईडना बदलाचं कारण लिहून द्यायचं होतं. मी 'पथदर्शी चाचणीतील प्रतिसादावरून' असं लिहिलं. ताईला सांगितलं तेव्हा ती हसली.

मग मी सुधारलेली प्रत तिच्यापुढे ठेवली. तिने लिहिलं: पाच तास, दहा ते तीन, अर्ध्या तासाच्या अंतरावर, घराबाहेर. 'घरात कोण मदत करेल' या रकान्यापाशी ती थांबली आणि कागदाची घडी घालून म्हणाली, "हा आज रात्री तुझ्या जिजाजींना विचारून भरते."

तो कागद अजून माझ्याकडे परत आलेला नाही. मी रोज विचारते आहे.